टीईडी-20 चं इंजिन: पिस्टन घेण्याआधी मोजलेले सीसी

9 नोव्हेंबर

जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडण्याआधी शेवटचं कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजलं. चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि प्रत्येक सिलिंडरला सहा-सहा फेरे दिले. एक नंबर 84 पीएसआय (चौरस इंचावरचे पाउंड), दोन नंबर 60, तीन नंबर 78, चार नंबर 54. मग प्रत्येकात चमचाभर तेल घालून पुन्हा घेतलं. दोन नंबर 60 वरून थेट 82 वर गेला, म्हणजे तिथे पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरचा आतला भाग) झिजलेत. चार नंबर 54 वरून 57 वर येऊन थांबला. तिथला वारा व्हॉल्व्हमधून जातोय.

ट्रॅक्टर फर्ग्युसन टीईडी-20. हॅरी फर्ग्युसनचा हा करडा छोटा ट्रॅक्टर 1946 ते 1956 या काळात कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात बनला आणि पाच लाखांहून जास्त बाहेर पडले. सुरुवातीच्या ट्रॅक्टरना अमेरिकेच्या कॉन्टिनेंटल कंपनीचं इंजिन होतं, नंतर स्टँडर्ड मोटर कंपनीने स्वतःचं दिलं. टीईए म्हणजे पेट्रोलवरचा, टीईडी म्हणजे टीव्हीओवरचा. टीव्हीओ (ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइल) हे रॉकेलच्या जातीचं इंधन. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं आणि गरम झालं की नळ फिरवून टीव्हीओवर न्यायचं. म्हणून याच्या टाकीत दोन कप्पे आहेत. ते दोन्ही मी शाबूत ठेवणार आहे, पण चालवणार मात्र पेट्रोलवरच. पुढचं सगळं या एका निर्णयावर अवलंबून आहे, म्हणून तो पहिल्याच पानावर लिहून ठेवतोय.

14 नोव्हेंबर

हेड उतरवलं, संप उतरवला, पिस्टन वर काढले. लायनर, म्हणजे ज्या नळ्यांत पिस्टन वरखाली होतात त्या, 80 मिमीचे आहेत. दोन नंबरमध्ये वरच्या रिंगेच्या जागी 0.31 मिमी झीज आणि बोटाला लागेल एवढी कड. चार नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळून खाचला आहे. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड थर होता. तो खरवडल्यावर खाली उथळ वाटी दिसली. वाटी बघूनच थोडा अंदाज आला, पण अंदाजावर पैसे घालायचे नाहीत असं ठरवलं आहे.

लायनर ओले आहेत, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. ब्लॉकला बोअरिंग करायची गरजच नाही. जुना लायनर ठोकून काढायचा आणि नवा बसवायचा. या रचनेमुळेच मला व्यास निवडायची मोकळीक आहे. स्टँडर्डने स्वतः हे इंजिन आधी 80 आणि मग 85 मिमी बोअरमध्ये (आतल्या व्यासात) दिलं, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरून खालपर्यंतचा प्रवास, दोन्हीत 92 मिमी. पुढच्या एफई-35 ट्रॅक्टरमध्ये तेच वाढवून 87 मिमी केलं.

20 नोव्हेंबर

आजचा सगळा दिवस मोजण्यात गेला आणि तो सार्थकी लागला.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे काय हे पुन्हा एकदा स्वतःसाठी लिहितो. पिस्टन तळाशी असताना वरची सगळी जागा भागिले पिस्टन माथ्याशी असताना उरलेली जागा. त्या उरलेल्या जागेचे तीन तुकडे होतात: हेडमधली पोकळी, दाबल्या गेलेल्या गॅस्केटची जाडी, आणि पिस्टन माथ्यावर आला तरी लायनरच्या वरच्या काठापर्यंत राहणारी जागा, त्यात पिस्टनच्या माथ्यावरची वाटी धरून. हे तिन्ही वेगवेगळे मोजावे लागतात.

हेडसाठी व्हॉल्व्ह ग्रीस लावून जागेवर बसवले, प्लग घट्ट केला, वर ॲक्रिलिकची भोक पाडलेली पट्टी ग्रीसने चिकटवली आणि ब्युरेटमधून (माप कोरलेल्या काचनळीतून) पातळ तेल सोडलं. पहिल्या वेळी एक नंबर 86 सीसी आला, दुसऱ्या वेळी 88. फरकाचं कारण पट्टीखाली अडकलेला बुडबुडा. हेड किंचित तिरकं ठेवलं, भोक वरच्या बाजूला येईल असं, आणि मग तीनदा मोजून तीनदा 88 आला. दोन नंबर 89, तीन 88.6, चार 90. सरासरी 88.9. चार नंबर जास्त का, तर त्याचा जळलेला व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसलाय. नवा व्हॉल्व्ह आणि सीट झाली की तो बाकीच्यांच्या जवळ येईल.

जुनं गॅस्केट दाबलेल्या अवस्थेत 1.2 मिमी, भोक 88 मिमी. त्याचे 7.3 सीसी झाले.

पिस्टन माथ्यावर आणून, कडेने ग्रीस भरून लायनरवर तीच पट्टी ठेवली: 20.2 सीसी.

एकूण 116.4. एका सिलिंडरचा स्ट्रोकमधला घनफळाचा आकडा 462.4 सीसी. रेशो आला 4.97.

म्हणजे जवळजवळ पाचास एक. हे इंजिन खराब झाल्यामुळे कमी दाबाचं झालेलं नाही. त्याला जन्मापासून एवढाच दाब दिला होता, कारण टीव्हीओ याहून जास्त सोसत नाही.

21 नोव्हेंबर

कालचा आकडा डोक्यातून जात नाही, म्हणून त्याच्या मागचं कारण लिहून काढतो.

दाब वाढला की हवा-इंधनाचं मिश्रण तापतं. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना शेवटी राहिलेलं मिश्रण आधीच भडकलं तर ठोका बसतो, तेच नॉकिंग. हॅरी रिकार्डो यांनी 1919 मध्ये ई-35 हे चालू असताना रेशो बदलता येणारं प्रयोगाचं इंजिन बांधलं आणि प्रत्येक इंधन किती दाबापर्यंत ठोका न देता चालतं ते मोजलं. इंधनाची जात आणि रेशो यांची जोडी तेव्हाच पक्की झाली. पुढे ऑक्टेनची मोजपट्टी आली: आयसो-ऑक्टेनला 100, हेप्टेनला शून्य. युद्धानंतर ब्रिटनमध्ये मिळणारं पेट्रोल सत्तरीच्या आसपासचं होतं, टीव्हीओ त्याच्याही बरंच खाली. म्हणून जुन्या ट्रॅक्टरच्या पिस्टनकडे बघताना मला त्या काळचं इंधन दिसतं. आजचं साधं पेट्रोलही नव्वदीच्या पुढचं आहे. पाचच्या रेशोत ते जाळणं म्हणजे त्याची बरीच ताकद धुरांड्यातून सोडून देणं.

मग किती वाढवायचं? आदर्श चक्राच्या सूत्राने काढलं. 5 ला कार्यक्षमता 47.5 टक्के, 6.3 ला 52, 8.5 ला 57.5. खऱ्या इंजिनात यातलं बरंच कमी हाती लागतं, पण प्रमाण कळतं. 5 वरून 6.3 ला गेलो की सुमारे दहा टक्के फायदा, आणि तेवढाच पुढचा दहा टक्के मिळवायला थेट 8.5 पर्यंत जावं लागतं. पहिल्या दहा टक्क्यांसाठी रेशो 1.3 ने वाढवायचा, दुसऱ्या दहासाठी 2.2 ने.

27 नोव्हेंबर

8.5 हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. ट्रायम्फ टीआर-2 या स्पोर्ट्स कारमध्ये याच घराण्याचं इंजिन होतं: 83 मिमी बोअर, तोच 92 मिमी स्ट्रोक, 1991 सीसी, 8.5 रेशो, 4800 फेऱ्यांना 90 अश्वशक्ती. त्यामुळे कारचे पिस्टन ट्रॅक्टरमध्ये घालायचा मोह होतो. मलाही दोन दिवस झाला होता.

तो मी सोडला, आणि त्याची कारणं माझ्यासाठी महत्त्वाची आहेत. कार 4800 फेऱ्यांना ताकद देते, तेव्हा ज्योतीला आणि ठोक्याला दोघांनाही वेळ कमी मिळतो. ट्रॅक्टर 1200 ते 1500 फेऱ्यांवर, थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडा, तासन्‌तास ओढत राहतो. शेवटच्या मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो. त्याच इंधनात, त्याच रेशोत ट्रॅक्टरला ठोका आधी लागेल. शिवाय ट्रॅक्टरचा ठोका रेडिएटरच्या पंख्याच्या आणि गिअरच्या आवाजात ऐकू येत नाही. पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटल्यावर कळतं.

दुसरं म्हणजे बेअरिंग. स्फोटाचा कमाल दाब ढोबळमानाने रेशोच्या प्रमाणात वाढतो आणि कनेक्टिंग रॉडवरचा जोर म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. 80 वरून 85 मिमीला क्षेत्रफळ 13 टक्के वाढतं. 6.3 रेशो धरला तर जोर आजच्या सुमारे 1.4 पट. 8.5 धरला तर जवळजवळ दुप्पट. क्रँकला आधार तीनच मेन बेअरिंगचा. कारमध्ये हे चाललं, पण तिथे सलग चार तास नांगर मागे नव्हता.

म्हणून लक्ष्य 6.2 ते 6.4. याच्या बाहेर जायचं नाही.

2 डिसेंबर

बोअर किती? 80 चेच नवे घेतले तर सगळ्यात सोपं. पण सपाट माथ्याचे 80 मिमी पिस्टन घातले तरी हिशेब 5.7 च्या आसपास थांबतो, कारण हेडची पोकळी तीच राहते आणि सिलिंडर लहान. हेच बोअर वाढवल्यावर उलटं होतं. पोकळी तेवढीच, पण त्यात कोंबायची हवा जास्त, त्यामुळे काहीही न कापता रेशो वर सरकतो. 85 मिमीला स्ट्रोकचं घनफळ 522 सीसी, चारांचे मिळून 2088. सपाट पिस्टन काठाच्या 0.4 मिमी खाली थांबला तर 88.9 अधिक 7.3 अधिक 2.3, म्हणजे 98.5 सीसी. रेशो 6.30. लक्ष्याच्या बरोबर मध्ये.

87 मिमीचा हिशेबही केला: 6.55, आणि 2187 सीसी. आकडा चांगला दिसतो. पण लायनरचा बाहेरचा व्यास ब्लॉकने ठरवलेला आहे, त्यामुळे आतला व्यास 2 मिमीने वाढला की भिंत 1 मिमीने पातळ होते. शिवाय माझा कार्बोरेटर आणि रेडिएटर लहान इंजिनाचेच राहणार आहेत. मला या ट्रॅक्टरकडून त्याच्या काळातल्या मोठ्या भावाएवढी ताकद हवी आहे, त्यापुढे नाही. 85 ठरलं.

मागवण्याआधी ब्लॉकमधली लायनरची खालची बैठक आणि वरचा गाळा मोजून आकडे विक्रेत्याला कळवले. उत्तर आलं की बसेल.

19 डिसेंबर

संच आला. खोक्यावर ‘पेट्रोल, 85 मिमी’ असं छापलेलं. उघडल्यावर माथ्यावर उथळ वाटी दिसली. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची मोजली, तीही अपेक्षेपेक्षा 1.3 मिमी कमी. एक लायनर तात्पुरता बसवून, रिंगा न घालता पिस्टन रॉडला जोडून माथ्यावर आणला. काठापासून 1.7 मिमी खाली. पट्टी ठेवून तेल सोडलं: 17.8 सीसी.

88.9 अधिक 7.3 अधिक 17.8, एकूण 114. रेशो 5.58.

खोक्यावर विश्वास ठेवून इंजिन बांधलं असतं तर ते सुरू झालं असतं, चाललंही असतं, आणि एवढ्या खर्चानंतर ताकद का वाढली नाही हे मला कधीच कळलं नसतं.

22 डिसेंबर

मशीन शॉपमधल्या काकांना हेड दाखवायला नेलं होतं, चार नंबरच्या सीटसाठी. पिस्टनची गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, “अरे, परत कशाला पाठवतोस? हेड मारून देतो ना. संध्याकाळपर्यंत होईल.”

“काका, किती मारावं लागेल ते आधी बघू.”

तिथेच ब्युरेट लावली. 5.58 वरून 6.3 ला जायचं तर 15.5 सीसी कमी करायला हवेत. हेडची पोकळी पट्टी न ठेवता, अगदी सपाट टेकवून, 88.9 उणे 15.5 म्हणजे 73.4 सीसी भरली आणि हेडच्या पृष्ठभागापासून तेलाच्या पातळीपर्यंत खोली मोजली. 2.9 मिमी. जेवढी खोली तेवढं कापायचं. हिशेबापेक्षा ही पद्धत मला खात्रीची वाटते, कारण पोकळीच्या भिंती सरळ नसतात आणि क्षेत्रफळाचं सूत्र फसवतं.

काका बराच वेळ त्या तेलाकडे बघत होते. मग म्हणाले, “तीन मिलिमीटर? नको रे. मग याला परत काही करता येणार नाही.”

मला हेच म्हणायचं होतं. कापलेलं हेड पुन्हा जाड होत नाही. वर पाण्याच्या पोकळीचं छत पातळ होतं, पुशरॉड लांब पडतात आणि रॉकरचा कोन बदलतो. पुढे कोणाला हा ट्रॅक्टर पुन्हा टीव्हीओवर न्यायचा असेल तर त्याच्यासाठी रस्ता बंद. पिस्टन बदलता येतात. या वयाचं मूळ हेड मिळवणं फार अवघड. काकांनी फक्त पृष्ठभाग सरळ करण्यापुरते 0.1 मिमी घेतले आणि चारही सीट कापून दिल्या.

संच परत पाठवला. या वेळी व्यासाबरोबर पिनपासून माथ्यापर्यंतची उंची आणि ‘माथा सपाट’ हे दोन्ही लिहून कळवलं, आणि पाठवण्याआधी एका पिस्टनचं माप कॅलिपर लावलेल्या फोटोसकट मागितलं.

17 जानेवारी

दुसरा संच. माथे सपाट, उंची चारांची 0.05 मिमीच्या आत. वजन केलं, सगळ्यात हलक्या आणि जड पिस्टनमध्ये 6 ग्रॅमचा फरक. पिनच्या बॉसच्या आतल्या कडेवरून थोडं थोडं घासून 2 ग्रॅमवर आणला. स्कर्टला आणि माथ्याला हात लावला नाही.

24 जानेवारी

लायनर बसवले. या इंजिनात हे काम सगळ्यात नाजूक आहे आणि यावर कोणी घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. लायनर खाली आठच्या आकड्यासारख्या दिसणाऱ्या पातळ गॅस्केटवर टेकतात, एका गॅस्केटवर दोन. वर ते ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किंचित वर राहायला हवेत, म्हणजे हेड घट्ट केल्यावर गॅस्केट लायनरच्या काठावर दाबलं जातं. माझं लक्ष्य 0.08 ते 0.12 मिमी, आणि शेजारच्या दोघांत 0.03 पेक्षा जास्त फरक नको.

पहिल्या वेळी तीन नंबर 0.04 आला. काढला. बैठकीच्या खाचेत गंजाचा कडक थर राहिला होता, आरशाशिवाय दिसत नव्हता. मग तिथे लायनर उंच यायला हवा होता, कमी का आला? कारण शेजारचा चार नंबर त्याच थरावर तिरका टेकून गॅस्केट उचलत होता आणि डायल गेज मी एकाच बाजूला लावत होतो. आता प्रत्येक लायनर चार ठिकाणी मोजला. तांब्याच्या तारेने आणि रॉकेलने खाच साफ केली. शेवटचे आकडे: 0.10, 0.09, 0.10, 0.11.

मग लगेच वॉशर आणि नट लावून लायनर खाली दाबून ठेवले. नाहीतर क्रँक फिरवताना रिंगा लायनरला उचलतात आणि खालचं गॅस्केट सरकतं. पाणी संपमध्ये उतरल्यावरच हे कळतं.

30 जानेवारी

रिंगांचं तोंड लायनरमध्ये घालून फीलर गेजने पाहिलं. 0.33 ते 0.38 मिमी. पुरेसं आहे, घासलं नाही. पिस्टन गरम पाण्यात ठेवून पिना बोटाने सरकवल्या, सर्क्लिप बसल्याचा आवाज ऐकला आणि तरीही प्रत्येक क्लिप फिरवून पाहिली. रिंगांची तोंडं एकाखाली एक येणार नाहीत अशी फिरवली.

चारही पिस्टन आत. माथ्यावर आणून काठापासूनचं अंतर: 0.38, 0.41, 0.40, 0.42. पट्टी ठेवून तेल सोडलं, सरासरी 2.3 सीसी. कागदावरचा आकडा जसाच्या तसा समोर दिसला तेव्हा फार बरं वाटलं. हेडची पोकळी नव्या सीट आणि 0.1 मिमीनंतर 88.4. रेशो 6.33.

सपाट पिस्टन आधीच्या वाटीपेक्षा वर येतो, म्हणून व्हॉल्व्हला लागतो का तेही पाहिलं. माथ्यावर चिकणमातीची पट्टी ठेवून, हेड तात्पुरतं कसून दोन पूर्ण फेरे हाताने फिरवले. मातीत सगळ्यात पातळ जागा 3.6 मिमी. काळजी नाही.

8 फेब्रुवारी

रेशो बदलला की सोबतच्या गोष्टीही बदलाव्या लागतात. टीव्हीओसाठी मॅनिफोल्डवर एक पत्र्याचं आवरण असतं, एक्झॉस्टची उष्णता आत धरून इंधनाची वाफ करायला. पेट्रोलला ते नको. आत जाणारी हवा उगाच तापते, विरळ होते, आणि ठोक्याला निमंत्रण मिळतं. आवरण काढून, तेल लावून, चिठ्ठी बांधून जुन्या पिस्टनबरोबर पेटीत ठेवलं. प्लग एक पायरी थंड घेतले. दाट मिश्रण लवकर जळतं म्हणून इग्निशन जुन्या खुणेच्या 2 अंश मागे ठेवून सुरुवात करणार. डिस्ट्रिब्यूटरचे वजनांचे स्प्रिंग ढिले झाले होते, तेही बदलले, कारण पूर्वी पाचच्या रेशोत चुकलेला ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते तो कोन) इंजिन पचवत होतं, आता पचवणार नाही.

15 फेब्रुवारी

हेड मधून बाहेर अशा क्रमाने तीन टप्प्यांत कसलं. प्लग काढून तेलाचा दाब येईपर्यंत फिरवलं. मग प्लग लावून सुरू केलं. तिसऱ्या फेऱ्याला धरलं. फार वेळ निष्क्रिय न ठेवता लगेच 1200 वर नेलं आणि वीस मिनिटांनी हलकं ओझं दिलं, रिंगा बसायला ओझं लागतं.

2 मार्च

पाच तास चालल्यावर गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन: 118, 121, 117, 119. सुरुवातीच्या 84, 60, 78, 54 शेजारी हे लिहिताना हात थांबला होता.

नांगराला लावून 1400 फेऱ्यांवर पूर्ण ओढ दिली. लाकडाची काठी ब्लॉकला टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं. ठोका नाही. इग्निशन 1 अंश पुढे घेतलं, तरी नाही. आणखी 1 अंशाला चढावर बारीक खडखड आली, म्हणून 1 अंश मागे घेऊन तिथेच कायम केलं. पूर्वी दुसऱ्या गिअरवर दमणारा ट्रॅक्टर नांगराच्या त्याच सरीत तिसऱ्यावर गेला आणि गव्हर्नरला हाताशी अजून जागा होती. पाण्याचं तापमान पूर्वीपेक्षा थोडं वर, पण स्थिर.

प्लग चारही फिक्या तपकिरी रंगाचे. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग नाही, डिपस्टिकवर पाणी नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा ताणले. दोन आणि तीनच्या मधला एक पाव फेरा सरकला, बाकी जागेवर होते. व्हॉल्व्हचं अंतर पुन्हा लावलं.